विठोबानं पावती घेतली होती

आमच्या आजीचं एक वाक्य घरात म्हणीसारखं झालं होतं. डेअरीत दूध घातलं, सोसायटीचा हप्ता भरला, लाईट बिल भरलं, की ती दारातच अडवायची. "पावती घेतलीस का? आगं, विठोबानंबी घेतली हुती."

मंगळवेढ्यात वाढलेल्या कुणालाही हा विठोबा कोणता हे सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. बहामनी काळात दामाजीपंत मंगळवेढ्याचे अंमलदार होते. दुष्काळ पडला, माणसं मरायला लागली, तेव्हा त्यांनी सरकारी धान्याची कोठारं लोकांना खुली केली. बेदरच्या बादशहाला कळलं आणि पकडून आणायचा हुकूम सुटला. दामाजीपंतांना घेऊन शिपाई निघाले. ते अजून वाटेतच होते, तेवढ्यात विठू नावाचा एक महार बेदरच्या दरबारात पोचला, धान्याची पूर्ण किंमत मोजली, पावती घेतली आणि नाहीसा झाला. ती पावती दामाजीपंतांना आपल्या पोथीत सापडली असं सांगतात. महिपतीनं १७६२ साली पुऱ्या केलेल्या 'भक्तविजया'त ही गोष्ट आहे. गावात दामाजीपंतांचं मंदिर आहे आणि साखर कारखान्यालाही त्यांचंच नाव आहे.

ही गोष्ट मी शंभरदा ऐकली होती. वाचली मात्र पहिल्यांदा २०२१ च्या फेब्रुवारीत, न्यू जर्सीतल्या एका अपार्टमेंटमध्ये. नोकरी जाऊन तेव्हा चार दिवस झाले होते. ऐकणं आणि वाचणं यातला फरक मला त्या दिवशी कळला.

माझं काय झालं होतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं हवेत राहील. नवरा एच-वन-बी व्हिसावर आणि मी त्याच्यावर अवलंबून असलेली, म्हणजे एच-फोर. एच-फोरवाल्या बायकांना २०१५ च्या मेपर्यंत तिकडे काम करता येत नव्हतं. मग नियम बदलला. नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचा ठरावीक टप्पा मंजूर असेल तर बायकोला वर्क परमिटचं कार्ड मिळू लागलं. मला ते २०१६ मध्ये मिळालं आणि एका औषध कंपनीत डेटाचं काम लागलं. कार्डाची मुदत ११ फेब्रुवारी २०२१ ला संपणार होती. नूतनीकरणाचा अर्ज १८० दिवसांच्या आधी करताच येत नाही, म्हणून आम्ही ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात तो पाठवला. नवऱ्यानं जास्तीची फी भरली आणि त्याचं उत्तर पंधरा दिवसांत आलं. एच-फोरसाठी अशी फीच नव्हती. शिवाय २०१९ च्या मार्चपासून एच-फोरच्या मुदतवाढीला बोटांचे ठसे लागत होते. तेच ठसे कचेरीकडे आधीपासून असले तरी पुन्हा द्यायचे, ८५ डॉलर भरून. कोरोनात ठशांची केंद्रं महिनोन् महिने बंद होती आणि उघडली तेव्हा रांग साचलेली होती.

माझ्याकडे पावती होती. तीन अक्षरं, दहा आकडे. रोज सकाळी चहाच्या आधी तो नंबर मी फोनवर टाकायची आणि रोज तेच उत्तर यायचं, अर्ज मिळाला आहे. त्या पावतीच्या अगदी वरच्या बाजूला ठळक अक्षरांत छापलेलं असतं की ह्या कागदानं कुठलाही दर्जा किंवा लाभ मिळत नाही. बऱ्याच इतर प्रकारच्या अर्जदारांना तेव्हा पावतीच्या जोरावर १८० दिवस काम चालू ठेवता येत होतं. एच-फोरला ती सोय नव्हती. १२ फेब्रुवारीला सकाळी लॅपटॉपवर लॉगिन होईना. मॅनेजर भली होती, फोनवर रडली. तिच्याही हातात काही नव्हतं.

अशा मनःस्थितीत मी दामाजीची गोष्ट वाचायला घेतली, तीही आजीची आठवण म्हणून. आणि थांबले. आपण ही चमत्काराची गोष्ट म्हणून सांगतो, पण यात चमत्कार किती कंजूष आहे बघा. देवानं बादशहाचं मन पालटवता आलं असतं, कोठारं पुन्हा भरता आली असती, निदान दंड तरी माफ करून घेता आला असता. यातलं काहीच तो करत नाही. तो लांबचा प्रवास करतो, खजिन्यात रोख रक्कम भरतो आणि पावती मागतो. ज्यांनी ही गोष्ट रचली, पिढ्यान् पिढ्या सांगितली, त्यांना राज्य कसं चालतं हे नीट ठाऊक होतं. पैसे भरले पण पावती नाही, तर पैसे भरलेच नाहीत. आजीचा व्यवहार शंभर टक्के बरोबर होता.

दुसरी गोष्ट मला जास्त बोचली. बेदरला प्रकरण मिटलेलं आहे आणि दामाजीपंत अजून शिपायांच्या मध्ये चालतायत. निकाल लागलाय, पण ज्याचा लागलाय त्याला तो पोचलेला नाही. कीर्तनकार हा भाग भराभर उरकतात, कारण श्रोत्यांना विठू महाराचं रूप ऐकायचं असतं. मला वाटतं गोष्टीचा जीव तिथे, त्या रस्त्यावर आहे. जो माणूस सुटलेला आहे पण ज्याला ते माहीत नाही, त्याच्या दिवसाचं वर्णन कुणी करावं? महिपती करत नाही. त्याला भक्ताची निष्ठा दाखवायची आहे, भीती दाखवायची नाही. ही त्या काव्याची मर्यादा आहे आणि ती मान्य करायला हरकत नाही.

मग मी आपल्या अमेरिकेविषयीच्या मराठी पुस्तकांकडे गेले. वेळ भरपूर होता. अनिल अवचटांचं 'अमेरिका' वाचलं, अपर्णा वेलणकरांचं 'फॉर हिअर, ऑर टू गो?' पुन्हा वाचलं. दोन्ही प्रामाणिक पुस्तकं आहेत. वेलणकरांचं तर मी आईलाही वाचायला दिलं होतं, म्हणजे मी फोनवर काय सांगत नाही ते तिला कळेल. पण माझी सकाळ, तो नंबर टाकून बघण्याची, मला कुठल्याच पुस्तकात सापडेना. बर्फ आहे, एकटेपण आहे, मुलांचं मराठी, आईवडिलांचं म्हातारपण, गणपती बेसमेंटमध्ये. कागद नाही.

याचं कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. १९६५ च्या कायद्यानं अमेरिकेनं देशानुसारचे जुने कोटे काढले आणि आपल्याकडचे डॉक्टर, इंजिनियर तिकडे जायला लागले. त्या पिढीला कायमचा परवाना लवकर मिळत होता. कागदाचा प्रश्न सुटला की माणूस मनाच्या प्रश्नाकडे वळतो, म्हणून त्यांच्या साहित्याचा मध्य 'आपण कुठले' हा झाला. एच-वन-बी हा प्रकार १९९० च्या कायद्यातला. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार आणि कुठल्याही एका देशाला त्यातली ७ टक्क्यांच्या आसपास. भारतातून अर्ज करणाऱ्यांची संख्या वाढली तशी ही रांग दशकांची झाली. आमच्या पिढीचा मध्य वेगळा आहे, पण आम्ही अजूनही लिहितो ते आधीच्यांच्या विषयांवर. दिवाळी अंकातल्या 'परदेशातून' छापाच्या कथांमध्ये नायिका अजून खिडकीतून बर्फच बघते. खरी नायिका स्टेटस बघत असते.

त्याच नावाचा एक इंग्रजी सिनेमाही आहे, 'फॉर हिअर ऑर टू गो?', ऋचा हुमनाबादकर यांनी दिग्दर्शित केलेला, अमेरिकेत २०१७ मध्ये प्रदर्शित झालेला. अली फजलचा विवेक हा सिलिकॉन व्हॅलीतला इंजिनियर. एका स्टार्टअपमध्ये त्याची निवड जवळजवळ ठरलेली असते, पण व्हिसाची मुदत वर्षभराहूनही कमी उरली आहे हे कळल्यावर ती संधी जाते. ही सुरुवात अचूक आहे. कागदावरची तारीख माणसाची किंमत कशी बदलते हे सिनेमानं पहिल्या झटक्यात दाखवलंय, आणि त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे. पुढे मात्र तो प्रेमकथा आणि मायदेशी परतण्याची चर्चा यांच्यात सैल होतो. मुळात ते शीर्षकच मला खटकतं. खायच्या काउंटरवरचा प्रश्न, इथे खाणार की घेऊन जाणार? यात गृहीत आहे की ताट माझ्या हातात आहे आणि ठरवायचं मी आहे. रांगेतल्या माणसाला हा प्रश्न कुणी विचारतच नाही.

मग मराठीत कागदाचं साहित्य नाहीच का? आहे, आणि मोठं आहे. फक्त ते आपण 'संतसाहित्य' म्हणून देवघरात ठेवून दिलंय. एकनाथांची भारुडं काढा. त्यांत अर्जदस्त आहे, ताकीदपत्र आहे, अभयपत्र आहे, जाबचिठ्ठी आहे. ही सगळी सरकारी कागदांची नावं आहेत. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर अधिकारी होते आणि हिशेबातली एका पैची चूक शोधायला नाथ रात्रभर जागले ही कथा आपण शाळेत ऐकलेली असते. ज्यानं कचेरी आतून पाहिली होती त्यानं कचेरीची फारसीमिश्रित भाषा उचलली आणि तिच्यात जीवाचा अर्ज लिहिला. विनोदीही आहे तो, हे विसरू नका. आज कुणी मराठी कवी आय-७६५ नावाच्या फॉर्मच्या रचनेत कविता लिहील तर आपण त्याला प्रयोगशील म्हणू. नाथांनी ते सोळाव्या शतकात केलं आणि लोकांनी ते टाळमृदंगावर म्हटलं.

नाथांच्याही आधी चोखोबा. जोहार हा प्रकार त्यांच्या नावानं ओळखला जातो. गावचा महार धन्यासमोर येतो, जोहार घालतो, आपल्या कामाचा जबाब देतो. दाराबाहेर उभं राहून आतल्याशी बोलण्याची भाषा मराठीत चोखोबांइतकी कुणी घडवलेली नाही. (इथे काफ्काच्या १९१५ च्या द्वारपालाच्या गोष्टीचं नाव घ्यायची पद्धत आहे. घेतलं. त्या गोष्टीतला माणूस दाराशी बसून म्हातारा होतो. चोखोबा दाराशी बसून बोलत राहतात.)

आणि सोयराबाई. २०२१ च्या त्या महिन्यांत मला सगळ्यात जवळची वाटली ती हीच. बऱ्याच अभंगांच्या शेवटी ती स्वतःचं नाव न सांगता चोखोबाची बायको अशीच सही करते. माझ्या फॉर्मवर माझा प्रकार ठरत होता तो नवऱ्याच्या प्रकारावरून. कार्डावर कोड होता सी-२६, अर्थ तोच, अमक्याची बायको. सोयराबाई ती सही करते आणि तिच्याच वरच्या ओळींत विटाळ म्हणजे काय, तो येतो कुठून, असा प्रश्न विचारते, जो नवऱ्याच्या अभंगांपेक्षा कुठे कुठे जास्त धारदार आहे. ओळख उसनी, आवाज स्वतःचा.

इथवर आल्यावर मला स्वतःचीच शंका आली. ही तुलना फार सोयीची होत चालली होती. तेव्हा एका मैत्रिणीला मी फोनवर म्हटलं की मला चोखोबा आता कळतात. ती सोलापूरची, तिकडेच नोकरीला. थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "तुझं घर मंगळवेढ्यात कुठंय गं? कुसाच्या आत का बाहेर?"

आत.

मंगळवेढ्यातल्या सगळ्यांना माहीत असतं चोखोबा कसे गेले. गावकुसाच्या कामाला लावलेल्या मजुरांवर भिंत कोसळली, १३३८ साली. नामदेव आले आणि ढिगाऱ्यातून हाडं शोधून पंढरपूरला घेऊन गेले. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची, असं कथा सांगते. समाधी झाली ती देवळाच्या महाद्वारासमोर, बाहेर. मी ही कथा हाडांच्या चमत्कारासाठी ऐकत आले होते. भिंत कुणासाठी बांधली जात होती हे मी कधी विचारलं नव्हतं. ती आत राहणाऱ्यांसाठी होती.

तेव्हा दारात उभी असणं एवढ्यावर मी आणि चोखोबा एका रांगेत येत नाही. मी त्या दारात स्वखुशीनं गेले, विमानाचं तिकीट काढून. माझी नोकरी गेली तरी घरात पगार येत होता. मला परत जायला गाव होतं, गावात घर होतं. शिवाय आपल्या लोकांनी तिकडे नेलेल्या सामानात काय काय आहे हेही लपलेलं नाही. मी अर्ज पाठवला त्याच उन्हाळ्यात, २०२० च्या जूनमध्ये, कॅलिफोर्नियातल्या सरकारी विभागानं सिस्को कंपनीवर जातिभेदाचा दावा दाखल केला होता. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यावर जी चर्चा झाली ती मी इथे लिहिणार नाही. ज्या ग्रुपवर देशानुसारच्या मर्यादेला रोज अन्याय म्हटलं जात होतं तोच तो ग्रुप, इतकं सांगते.

तरीही मी तुलना पूर्ण टाकत नाही. चोखोबांशी माझी बरोबरी नाही, पण दार कसं काम करतं हे शिकायचं तर ज्यांनी ते सगळ्यात जास्त काळ बाहेरून पाहिलं त्यांच्याकडूनच शिकावं लागेल. दामाजीच्याच गोष्टीला लागून एक परंपरा आहे. महारांच्या बावन्न हक्कांची सनद बेदरच्या बादशहानं दिली असं सांगतात. हक्क म्हणजे बलुतं, गावातून मिळणारे वाटे, आणि त्यांच्या बदल्यात गावाची चाकरी. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतनाच्या कायद्यात बदल करणारं विधेयक आणलं ते याच कारणानं, की हा हक्काचा कागद माणसाला चाकरीला बांधून ठेवतो. जो कागद देतो तोच बांधतो. आमचा व्हिसा हा मालकाच्या नावाशी बांधलेला असतो आणि नोकरी सुटली तर हातात ६० दिवस, हे मला आंबेडकरांनी समजावलं, कुठल्या इमिग्रेशन वकिलानं नाही. वतनाची गुलामी आणि आयटीतली नोकरी एक नव्हेत. कागदाची युक्ती मात्र ओळखीची आहे.

मंगळवेढ्याची तिसरी गोष्ट कान्होपात्रेची. श्यामा नावाच्या गणिकेची मुलगी, तिला बेदरहून बोलावणं आलं. तीही पंढरपूरला गेली आणि देवाच्या पायाशी प्राण सोडला. देवळाच्या आवारातलं तरटीचं झाड तिचं म्हणून दाखवतात. बालगंधर्वांच्या 'संगीत कान्होपात्रा' नाटकामुळे, जे १९३१ मध्ये आलं, ती घरोघर पोचली आणि करुण झाली. मला ती करुण वाटत नाही. तिघांमध्ये हुकूम नाकारणारी ती एकटीच आहे. पण नाकारायची किंमत जीव हीच असेल तर त्या गोष्टीतून मला काय घेता येईल, याचं उत्तर मला मिळालेलं नाही. म्हणून तिच्यावर जास्त लिहीत नाही.

एप्रिलमध्ये ठशांचं बोलावणं आलं. पंधरा मिनिटांचं काम होतं. त्यानंतर महिन्याभरात, १७ मे २०२१ पासून, एच-फोरसाठी ठशांचा तो नियमच स्थगित झाला.

त्याच एप्रिलमध्ये मंगळवेढ्यात पोटनिवडणूक होती, मतदान १७ तारखेला. सभा झाल्या, गर्दी झाली, दुसरी लाट गावात आधीच होती. आजीला तीनेक दिवस ताप होता. मेच्या पहिल्या आठवड्यात ती गेली. मी जाऊ शकले नाही. गेले असते तर माझा अर्ज बुडाला असता, शिक्क्यासाठी वकिलातीत तारखा मिळत नव्हत्या, आणि ४ मेपासून भारतातून येणाऱ्या व्हिसाधारकांना अमेरिकेनं बंदी घातली होती. एवढी कारणं होती. आई म्हणाली, "आली नाहीस तेच बरं झालं." मी ते वाक्य अजून दोन्ही बाजूंनी ऐकते.

कार्ड जुलैत आलं, साध्या टपालानं, बिलांच्या गठ्ठ्यात. त्यावरची सुरुवातीची तारीख मंजुरीच्या दिवसाची. फेब्रुवारी ते जुलै हे महिने कुठल्याच कागदावर नाहीत. माझ्या जागेवर कंपनीनं दुसऱ्या माणसाला घेतलं होतं. नोव्हेंबरात एच-फोरवाल्यांनी केलेल्या एका खटल्यात तडजोड झाली आणि नूतनीकरणाच्या पावतीवर काही अटींसह काम चालू ठेवायची सोय झाली. म्हणजे पावतीला किंमत आली. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना ती सोय पुन्हा काढून घेतली आहे. परवा एका मुलीचा मेसेज आला, पंढरपूरची आहे, टेक्सासमध्ये असते. कार्ड मार्चमध्ये संपतंय, अर्ज गेलाय, पुढे काय करू. मी तिला वकिलाचा नंबर दिला आणि सोयराबाईच्या अभंगांचं पुस्तक कुठे मिळेल ते सांगितलं. तिनं पहिल्याला थँक्यू म्हटलं, दुसऱ्याला एक गोंधळलेला इमोजी पाठवला.

२०२२ च्या डिसेंबरात मी गावाला गेले तेव्हा शेतात ज्वारी उभी होती. आई माळा आवरत होती. आजीच्या ट्रंकेत तारेच्या आकड्यात ओवलेल्या पावत्या निघाल्या. डेअरीच्या, सोसायटीच्या, पाणीपट्टीच्या, काहींवरची शाई पूर्ण उडालेली.

"जाळू का गं ह्या?" आई म्हणाली.

मी म्हटलं, राहू दे.